कंपनीने एकदा विकलेलं कार्ड कंपनीच पुन्हा विकते तेव्हा

झेलबाद
रविवार, रात्री १०:४८

मंडळी, धागा बेसबॉलचा आहे. क्रिकेटवाल्यांनी लगेच पळू नये, नियम समजावून सांगणार नाहीये.

न्यू जर्सीत येऊन एकोणीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं बेसबॉल म्हणजे सोमवारी ऑफिसात बोलायला लागतं ते, इतकाच संबंध. मग लेक शाळेत जायला लागला आणि त्याच्या दप्तरातून कार्डं घरात शिरली. आता तळघरात खोक्यांची भिंत उभी आहे. बायको तिला 'तुमचा पीएफ' म्हणते. तुमचा म्हणजे माझा, लेकाचा नव्हे.

काल वाढदिवसाचं खोकं फोडलं. यंदाच्या हंगामाची पाकिटं. एका पाकिटात नव्या गुळगुळीत कार्डांच्या मधोमध एक म्हातारं कार्ड निघालं. ऐंशीच्या दशकातलं, पाठ राखाडी, कोपरे जरा मऊ पडलेले, आणि दर्शनी बाजूला चकचकीत वर्खाचा शिक्का. लेक उडालाच. "बाबा, हे तुझ्या लहानपणचं!" मला ते कार्ड ओळखीचं वाटलं म्हणून तळघरात गेलो. कधीतरी यार्ड सेलला (कोणाच्या तरी अंगणातली जुन्या सामानाची विक्री) पाच डॉलरला उचललेलं खोकं उपसलं. अर्ध्या तासात तेच कार्ड हाती आलं. बिनशिक्क्याचं, आणि एक नाही, दोन.

टेबलावर तीन कार्डं मांडून लेकाने विचारलं, यातलं भारी कुठलं? मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हा धागा.

या प्रकाराला इथे 'बायबॅक' म्हणतात. कंपनी स्वतःचीच जुनी कार्डं बाजारातून गोळा करते, त्यावर शिक्का मारते किंवा खेळाडूची सही घेते आणि नव्या पाकिटांत घालते. टॉप्स ही यातली सगळ्यात जुनी आणि मोठी कंपनी, १९३८ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली. १९९१ मध्ये त्यांनी बेसबॉल कार्डांची चाळीस वर्षं साजरी केली आणि आपलीच जुनी कार्डं त्या वर्षीच्या पाकिटांतून वाटली. २०१० साली 'मिलियन कार्ड गिव्हअवे' काढलं. पाकिटात सांकेतिक क्रमांक, तो संकेतस्थळावर टाकायचा, की एखादं जुनं कार्ड तुमच्या नावावर. घरी हवं असेल तर टपालखर्च आपला! २०१७ पासून 'रीडिस्कव्हर टॉप्स' नावाने जुन्या कार्डांवर वेगवेगळ्या रंगांच्या वर्खाचे शिक्के यायला लागले. रंग जितका दुर्मिळ तितकी किंमत जास्त.

आता यातली मौज बघा. १९५२ साली याच टॉप्सने ४०७ कार्डांचा संच काढला. त्याचा शेवटचा हप्ता, म्हणजे ३११ ते ४०७ क्रमांक, बाजारात उशिरा आला. तोवर हंगाम संपत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. माल पडून राहिला. साय बर्गर नावाचे गृहस्थ या संचाचे कर्तेकरविते. ते स्वतः सांगायचे की जत्रांमधून पेनीला एक, मग पेनीला दहा अशी विकून पाहिली, कोणी घेईना. शेवटी १९६० च्या सुमारास गोदाम रिकामं करायचं म्हणून उरलेला माल कचऱ्याच्या बार्जवर चढवला आणि समुद्रात नेऊन बुडवला. कुठल्या समुद्रात? आमच्या न्यू जर्सीच्याच. लेकाला उन्हाळ्यात किनाऱ्यावर नेतो तेव्हा तो अजूनही वाळूत बघत चालतो.

त्या हप्त्यातलं ३११ क्रमांकाचं, मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजारांना घेतलं होतं.

तर माझा मुद्दा असा. जुनं कार्ड महाग झालं ते ते कोणी जपलं नाही म्हणून. कंपनीनेही नाही. त्या काळची पोरं कार्डं सायकलच्या तारांत अडकवायची, फटफटीसारखा आवाज यावा म्हणून. ती टंचाई आपसूक झाली. मधल्या काळात, साधारण १९८७ ते १९९३, 'ही पुढे महाग होणार' म्हणून अख्ख्या अमेरिकेने कार्डं जपून ठेवली आणि कंपन्यांनी मागेल तितकी छापली. त्या काळाला आता 'जंक वॅक्स' म्हणतात. त्यातली खोकी आजही पिझ्झाच्या पैशांत मिळतात. मग कंपनी त्याच ढिगातलं एक कार्ड उचलते, त्यावर वर्ख मारते आणि म्हणते, घ्या, हे दुर्मिळ. टंचाई आता छापखान्यात तयार होते आहे, तीही न संपणाऱ्या मालावर.

शिक्क्याने कार्डाची किंमत वाढते की कार्ड बाद होतं? जाणकारांनी लिहावं.

---

आगाऊ_कार्टं
रविवार, रात्री ११:०५

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बादवे, बेसबॉल कार्ड म्हणजे आपली ट्रम्प कार्डं का? शतकं किती, वजन किती, वगैरे?

---

झेलबाद
रविवार, रात्री ११:२२

नाही रे. ट्रम्प कार्डांनी खेळतात, ही नुसती जमवायची. पुढे फोटो, मागे आकडे. सुरुवात सिगारेटच्या पाकिटातून झाली. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचे, त्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं. मग तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. टॉप्स मुळात च्युइंगमवालीच. गमची ती गुलाबी पट्टी शेवटच्या कार्डाला चिकटून डाग पाडायची, जमवणारे बोंबलायचे, म्हणून १९९१ नंतर गम बंद झाला. ज्याच्यासाठी कार्ड आलं तेच हाकललं.

---

सांगलीची_हळद
सोमवार, सकाळी ६:५०

अगदी अगदी! आमच्याकडे बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची. त्यावर धावा आणि बळी लिहिलेले असायचे, ते साठवून बदल्यात काहीतरी मिळायचं. गम दोन मिनिटांत रबर व्हायचा, पण चित्रासाठी घ्यायचाच. भावाकडे एकाच खेळाडूची अकरा आली होती, त्याने भिंतीवर एकाच माणसाचा संघ लावला होता.

आईने दिवाळीच्या साफसफाईत सगळं बंबात घातलं. आज असती तर?

---

तिकीटबाबू
सोमवार, सकाळी ९:३१

आम्ही टपाल तिकिटंवाले. शिक्क्याने किंमत वाढते की घटते हा प्रश्न आमच्याकडे दीडशे वर्षं चघळला जातोय.

१९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट घ्या. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला काढलेलं. साधी प्रत हौशी माणसाच्या आवाक्यात असते. पण त्यातल्या शंभर प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असा शब्द वरून छापला होता. तेच तिकीट, तोच कागद, वर एक शब्द जास्त. अशा चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली.

म्हणजे वरून छापल्याने वस्तू बाद होते असं नाही. फरक इतकाच की तो शब्द कामासाठी छापला होता. 'संग्राहकांसाठी खास दुर्मिळ' म्हणून छापला नव्हता. अनेक छोट्या देशांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी सोनेरी वर्खाची तिकिटं काढली, त्यांना आज आमच्यात कोणी विचारत नाही. तुमच्या वर्खाच्या कार्डांचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

---

बाळकोबा_शिकागो
सोमवार, सकाळी ११:१४ (तिकडची रात्र, झोप उडवलीत राव)

झेलबाद, लेख आवडला, पण तुम्ही सगळे बायबॅक एकाच पिशवीत कोंबलेत. मी इथे शनिवार-रविवार कार्डांच्या प्रदर्शनात टेबल लावतो, छंद कम जोडधंदा म्हणून. टेबलामागून चित्र जरा निराळं दिसतं.

शिक्क्याची साधी कार्डं, हो, ती माझ्याकडेही डॉलरच्या डब्यात पडून असतात. त्याबद्दल वाद नाही. पण सहीचे बायबॅक वेगळे. टॉप्सचं 'आर्काइव्ह्ज सिग्नेचर' बघा. खोक्यात एकच कार्ड, खेळाडूच्या उमेदीच्या काळातलं खरं जुनं कार्ड, त्यावर त्याची आजची सही, किती प्रतींपैकी कितवी तो आकडा, आणि वर टणक डबी. डॉनरस या दुसऱ्या कार्डकंपनीनेही 'रीकलेक्शन कलेक्शन' नावाने हेच केलं होतं. यात कंपनीने नेमकी काय भर घातली? सही खरी असल्याची हमी. बाजारात खोट्या सह्यांचा सुळसुळाट आहे. म्हातारा खेळाडू मेळाव्यात कोणासाठी सही करतो, तिला कंपनीची साक्ष नसते. इथे असते. लोक त्याचे पैसे मोजतात आणि माझ्या मते ठीक मोजतात.

तिसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडतो. २००२ मध्ये टॉप्सने '२०६' नावाचा संच काढला, शंभर वर्षांपूर्वीच्या तंबाखूच्या कार्डांच्या धाटणीचा. त्याच्या पाकिटांत अस्सल १९०९ ते १९११ ची टी२०६ कार्डं घातली होती. 'ॲलन अँड गिंटर' मध्येही एकोणिसाव्या शतकातली मूळ कार्डं छोट्या चौकटीत बसवून दिली. मूळ कार्डाला हात लावायचा नाही, बाहेरून चौकट. घरातली जुनी पैठणी फाडून ड्रेस शिवणं वेगळं आणि काचेत लावणं वेगळं.

आता आपसूक टंचाईबद्दल. ती गोष्ट ऐकायला गोड आहे, पण मँटलचं ३११ नंबरचं कार्ड त्या हप्त्यातल्या इतरांपेक्षा दुर्मिळ नाहीच! उलट मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन ही तीन कार्डं त्या हप्त्यात दुप्पट छापली होती. शिवाय ते त्याचं पहिलं कार्डही नाही, पहिलं १९५१ चं बोमन कंपनीचं. तरी सव्वा कोटी डॉलर कशाला? कारण लोकांना गोष्ट हवी असते. बुडालेलं बार्ज हवं असतं. टंचाई निम्मी आणि गोष्ट निम्मी.

आणि 'जसंच्या तसं जुनं' म्हणाल तर सगळ्यात प्रसिद्ध कार्डाची कथा ऐका. टी२०६ मधलं होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी मिळून ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पीएसए ही दर्जा ठरवणारी संस्था नवी होती, तिने याच कार्डाला आठ गुण देऊन श्रीगणेशा केला. कुजबुज तेव्हापासूनच होती की कडा कापून सारख्या केल्यात. २००७ मध्ये ते २८ लाखांना केन केंड्रिक यांनी घेतलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने फौजदारी खटल्यात कबूल केलं की होय, कडा मीच कापल्या. नियमाने कापलेल्या कार्डाला गुण मिळत नाहीत. तरीही आज ते विकायला निघालं तर रांग लागेल. आता बोला, वर्खाचा शिक्का मोठा गुन्हा की कात्री?

---

पारावरचा
सोमवार, दुपारी १२:०२

बाळकोबा, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

---

दुर्गी
सोमवार, दुपारी १:४०

मला बेसबॉल कळत नाही, कार्डं कळत नाहीत, पण धाग्यावरचं एक वाक्य खटकलं. 'आईने बंबात घातलं.' अमेरिकेतही आयांनीच फेकली असणार, नाही का?

---

झेलबाद
सोमवार, दुपारी २:१५

दुर्गीताई, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. २०१० च्या टॉप्समध्ये एका उपसंचाचं नावच मुळी होतं 'तुझ्या आईने फेकून दिलेली कार्डं'. जुन्या गाजलेल्या कार्डांच्या नव्या प्रती. पोरगा सैन्यात किंवा कॉलेजात गेला की आईने खोली झाडली आणि लाखोंचं नुकसान केलं, ही इथली घरोघरची कहाणी आहे.

---

दुर्गी
सोमवार, दुपारी २:३१

म्हणजे ज्या कंपनीने आपला माल समुद्रात बुडवला ती वर आयांना बोल लावते! आणि आयांनी फेकली म्हणूनच तर उरलेली महाग झाली ना? मग प्रत्येक लिलावात दोन टक्के आयांचे. मी तर म्हणते जंक वॅक्सच्या काळात आया साफसफाईत कमी पडल्या, म्हणून तुमचं खोकं पाच डॉलरला आलं.

---

आगाऊ_कार्टं
सोमवार, दुपारी २:३३

धागा इथेच संपला. ताई जिंकल्या.

---

वकिली_बाणा
सोमवार, संध्याकाळी ७:२०

मला एकच शंका. मूल पैसे देतं, आत काय निघेल ठाऊक नाही, एखाद्याला हजारोंचं कार्ड मिळतं, बाकीच्यांना कागद. याला आपल्याकडे सोडत म्हणतात. तिकडे चालतं कसं?

हा प्रश्न कोर्टात जाऊन आलाय. अपर डेक या कार्डकंपनीने १९९० मध्ये रेजी जॅक्सन या खेळाडूने सही केलेली अडीच हजार कार्डं पाकिटांत विखुरली, तिथून या 'हिट' (पाकिटात दडलेलं किमती कार्ड) प्रकाराने जोर धरला. पुढे काही गिऱ्हाइकांनी कंपन्यांवर दावे लावले, म्हणणं असं की हा बेकायदा जुगार आहे आणि संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली भरपाई द्या. चॅसेट विरुद्ध फ्लीअर या खटल्यात २००२ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की पाकीट घेणाऱ्याला पाकीट मिळालं, हवं ते कार्ड निघालं नाही म्हणून त्या कायद्याला लागतं तसं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. जुगार आहे की नाही या प्रश्नाला हात लावायची वेळच आली नाही. वकिली नजरेने बघितलं तर सुंदर निकाल. बापाच्या नजरेने, पाल चुकचुकते.

झेलबाद, पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचलाय का कधी?

---

झेलबाद
सोमवार, रात्री ९:०५

वाचलाय! 'खरेदी आवश्यक नाही' असं लिहिलेलं असतं. काही विशिष्ट कार्डांसाठी ठरलेल्या मापाच्या कागदावर हाताने नाव-पत्ता लिहून टपालाने पाठवलं की पाकीट न घेताही सोडतीत नाव जातं. जुगाराच्या कायद्यातून सुटायची ही पळवाट. माझ्या सासऱ्यांना हे कळलं आणि इथल्या सहा महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी सुवाच्य मोडीसारख्या इंग्रजीत पंचवीसेक कागद पाठवले. काही निघालं नाही. पण टपालाच्या तिकिटांचे पैसे माझ्या खिशातून गेल्यामुळे त्यांच्या मते ही योजना अत्यंत किफायतशीर आहे.

बाळकोबा, तुमच्या पैठणीच्या दाखल्यावर एक. १९९९ मध्ये अपर डेकने बेब रूथ या दंतकथा झालेल्या खेळाडूची खरीखुरी बॅट विकत घेतली, तिचे तुकडे केले आणि एकेक चकती कार्डात बसवून पाकिटांत टाकली. रूथने हातात धरलेलं लाकूड, आता शेकडो लोकांकडे नखाएवढं. जुन्या चेकवरच्या सह्या कापून कार्डांत चिकटवण्याचा तर स्वतंत्र उद्योगच आहे. जुनं गोळा करून पुन्हा विकण्याचं हे टोक. शिक्का त्यापुढे सौम्य, हे मान्य.

---

बाळकोबा_शिकागो
मंगळवार, सकाळी ८:४४

बॅटीबद्दल दुमत नाही. ती बातमी आली तेव्हा प्रदर्शनातले दोन म्हातारे रडायचे बाकी होते.

पण कंपन्यांना दोष देताना बाजाराचा उलटा भागही बघा. जुन्या कार्डांचा सगळा व्यवहार दुसऱ्या हाताचा. कार्ड १९५२ मध्ये एका पेनीला विकलं, नंतर ते पन्नास वेळा हात बदलून कोटीवर गेलं, कंपनीला त्यातली दमडी मिळाली नाही. स्वतःच्या घरातल्या वस्तूही त्यांनी फार नंतर विकायला काढल्या. १९८९ मध्ये गर्नझीजच्या लिलावात १९५३ च्या संचाची मूळ रंगचित्रं गेली, मँटलचं एकटं चित्र लाखावर गेलं. तेव्हा डोळे उघडले असणार की आपण माळ्यावर काय टाकून दिलंय.

आता तर सगळी साखळीच एका हाती येतेय. ऑगस्ट २०२१ मध्ये फॅनॅटिक्स या खेळांचा माल विकणाऱ्या कंपनीने बेसबॉल कार्डांचे हक्क मिळवले आणि टॉप्सच्या पायाखालची जमीन सरकली. तिचा शेअर बाजारात उतरायचा बेत त्या बातमीने कोसळला आणि जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सनेच सुमारे ५० कोटी डॉलरला टॉप्स घेऊन टाकली. पुढे पीडब्ल्यूसीसी हा लिलावाचा बाजारही घेतला. म्हणजे छापणारेही तेच आणि जुनं विकत घ्यायचा फडही त्यांचाच. दुसरीकडे पीएसएच्या मालकांनी २०२४ मध्ये एसजीसी ही स्पर्धक संस्थाच घेतली. गिऱ्हाईक वाण्याकडे जातो, वाणी दलालाकडे, आणि दोघांचा काटा एकाच माणसाचा. माझ्यासारख्या टेबलवाल्याला खरी धास्ती याची आहे, शिक्क्याची नाही.

---

हिशेबनीस
मंगळवार, सकाळी १०:१८

झेलबादच्या बायकोने 'पीएफ' म्हटलंय म्हणून सांगतो. अमेरिकेत संग्रहाच्या वस्तू वर्षभराहून जास्त ठेवून विकल्या तर नफ्यावर कराचा कमाल दर २८ टक्के आहे. शेअरपेक्षा जास्त. आणि पीएफवर व्याज मिळतं.

---

सांगलीची_हळद
मंगळवार, दुपारी ३:१२

अवांतर: सासऱ्यांच्या मोडीसारख्या इंग्रजीचा फोटो टाकाच.

---

नवा_गडी
मंगळवार, संध्याकाळी ५:५६

मी टेक्ससात. २०२१ मध्ये सगळ्यांसारखा मीही या नादात शिरलो. तेव्हा कार्डं दुकानात टिकतच नव्हती. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, बंदूक निघाली, आणि टार्गेटने काही काळ दुकानातली विक्रीच थांबवली. पीएसएकडे इतका माल तुंबला की त्यांनी मार्चमध्ये बहुतेक सेवा बंद केल्या होत्या.

मी कार्डं एका छोट्या दलालामार्फत दर्जा ठरवायला पाठवली. आठ महिन्यांनी परत आली. तोवर भाव निम्म्याने उतरलेले. माझ्याकडे आता प्लॅस्टिकच्या टणक पेटीत सीलबंद केलेला पश्चात्ताप आहे, गुण दहापैकी नऊ.

झेलबाद, तुमच्या मुद्द्याला मात्र एक पुस्ती. कंपन्या आता जुन्यावर अवलंबून नाहीत. पॉल स्कीन्स या पिट्सबर्गच्या गोलंदाजाने पहिल्या सामन्यात घातलेल्या जर्सीवरचं बोधचिन्ह कापून, सही घेऊन, जगात एकच कार्ड काढलं. लॉस एंजलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला ते पाकिटात मिळालं. संघाने त्याबदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटं देऊ केली. घरच्यांनी नाही म्हटलं, आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरवर विकलं गेलं. वर्षभराच्या आतलं कार्ड. त्याला जुनं व्हायची वाटसुद्धा बघावी लागली नाही.

---

तिकीटबाबू
मंगळवार, रात्री ८:४०

'सीलबंद केलेला पश्चात्ताप, गुण नऊ.' नवा गडी, लिहीत राहा. पुलेशु.

आमच्याकडे कोणी तिकीट प्लॅस्टिकच्या विटेत गाडलं तर त्याला वेड्यात काढतील. हाताळायचंच नाही तर जमवायचं कशाला?

---

झेलबाद
रविवार, दुपारी ४:३०

आठवडाभर उत्तर दिलं नाही, क्षमस्व. काल न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलो होतो, याच धाग्यामुळे. तिकीटबाबूंसाठी खास लिहितो.

सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक. कारखान्यात काम करणारा साधा माणूस, संधिवाताने जखडलेला. तीन लाखांवर छापील कागद जमवले, त्यात बेसबॉल कार्डं तीस हजारांहून जास्त, वॅग्नरही आहे. 'टी२०६' हे नाव पडलं ते त्यांनीच केलेल्या सूचीमुळे. सगळा संग्रह त्यांनी या म्युझियमला देऊन टाकला. शेवटची वर्षं तिथे बसून कार्डं एकेक करून वह्यांत लावत होते, आणि काम संपल्यावर थोड्याच काळात, १९६३ मध्ये गेले.

लावत होते म्हणजे कसे? डिंकाने. चक्क चिकटवून! आजच्या दर्जा ठरवणाऱ्याला दाखवलं तर एकाही कार्डाला गुण मिळणार नाही. बर्डिकना किंमत ठाऊक नव्हती असं नाही, त्यांनी स्वतःच्या सूचीत भाव दिले होते. वॅग्नरचाही, त्या काळाच्या मानाने भरपूर.

थोडी कार्डं भिंतीवर मांडलेली होती. लेक काचेला नाक लावून म्हणाला, "यांनी शिक्का नाही मारला, पण डिंक लावला." मग बराच वेळ गप्प. बाळकोबा, तुमच्या कात्रीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. इतकंच कळलं की ज्या माणसाने कार्डांची सगळ्यात जास्त नासाडी केली त्याच्याच कार्डांसमोर मी वीस मिनिटं उभा होतो, आणि ती कितीला जातील हा विचार एकदाही आला नाही.

आज सकाळी अंगणातून फटफट आवाज आला म्हणून बाहेर डोकावलो. लेकाने कपडे वाळत घालायचा चिमटा घेऊन सायकलच्या मागच्या चाकाला कार्ड लावलंय. समोरचे ऐंशीच्या घरातले आजोबा झोपाळ्यावरून उठून बघायला आले, त्याला चिमटा थोडा खाली सरकवायला सांगून गेले.

---

आगाऊ_कार्टं
रविवार, दुपारी ४:४१

कुठलं लावलं? शिक्क्याचं की बिनशिक्क्याचं?

---

झेलबाद
रविवार, दुपारी ४:५८

शिक्क्याचं.

---

दुर्गी
रविवार, संध्याकाळी ५:१०

बिनशिक्क्याची तर दोन होती ना घरात?

---

झेलबाद
रविवार, संध्याकाळी ५:१६

तेच विचारलं. म्हणतो, ती जोडी आहे, फोडायची नाही.